वयाच्या सत्तरीतल्या कॉलेज बॅचचा नाशिकमधला मेळावा: तयारीची यादी

हॉल, केटरर, बॅनर यांच्याआधी एक काम. यादीतल्या प्रत्येक नावाला फोन लावा. मेसेज नाही, फोन. मागच्या वेळी बाकी सगळं चोख होतं, राहिलं ते हेच. गेलेल्या मित्राच्या नावाचं निमंत्रण त्याच्याच घरी पोचलं आणि पाकीट उघडलं वहिनींनी. हे पुन्हा होता कामा नये, म्हणून ही यादी.

तारीख तीन महिने आधी पक्की करा, कारण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि आपल्या वयाची माणसं उभ्याने प्रवास करणार नाहीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा रविवार सगळ्यांत सोयीचा. थंडीचा कडाका ओसरलेला असतो, द्राक्षं आलेली असतात आणि बारावीची परीक्षा तोंडावर असली तरी सुरू झालेली नसते. एकदा ती सुरू झाली की नातवंडाचं घर सोडून कोणी आजी निघत नाही. निवृत्त माणसांना मंगळवारही चालेल, हॉलही स्वस्त पडेल, पण गाडीने आणून सोडणारा मुलगा रविवारीच मोकळा असतो. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची स्नानं आहेत, तेव्हा नाशिकचं नावच काढू नका.

आता फोन. दोनशे पानी वही घ्या, एका पानावर एकच नाव. मुलींची माहेरची आणि सासरची दोन्ही आडनावं लिहा, नाहीतर निम्म्या सापडतच नाहीत. नंबराखाली घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर, जोडीदार आहे की नाही, आणि फोन केल्याची तारीख. तारखेचा रकाना कोरा असेल तर ते नाव निमंत्रणाला तयार नाही, एवढा कडक नियम ठेवा. 0253 चे जुने लँडलाइन बहुतेक बंद पडलेत. तिथे शेजारी, भाऊ, कॉलेजच्या वार्षिकांकातल्या ग्रुप फोटोत शेजारी उभा असलेला मित्र, असं कुणालातरी गाठून धागा पकडा. व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर दिसतो म्हणजे माणूस आहे असं धरू नका. वडील गेल्यावर मुलगा तोच नंबर वापरतो, फोटोही तसाच ठेवतो, आणि ग्रुपवर त्या नंबराला वाढदिवसाच्या शुभेच्छा पडत राहतात. घरच्यांना ते वाचावं लागतं.

फोन उचलल्यावर ‘अरे, दे त्याला’ म्हणू नका. आधी आपलं नाव, कॉलेज, बॅच सांगा, मग ‘घरी सगळे कसे आहेत?’ एवढंच विचारा आणि थांबा. जे सांगायचं ते समोरचा माणूस सांगेल. वाईट बातमी असेल तर फक्त तारीख विचारून लिहून घ्या. काय झालं होतं, कुठल्या दवाखान्यात होते, हे त्यांनी आपणहून सांगितलं तरच ऐका. श्रद्धांजलीत नाव आणि फोटो चालेल का, ते विचारा. आणि वहिनींना किंवा भाऊजींना मेळाव्याला बोलवा, आग्रहाने बोलवा. वर्गाचं नातं त्यांच्याशीही आहे. बऱ्याच येतात, आणि आपल्या माणसाच्या कॉलेजातल्या गोष्टी ऐकायला मिळाल्या म्हणून समाधानाने जातात.

एका बॅचमध्ये दोन पाटील आणि तीन कुलकर्णी असतातच. ग्रुपवर कुणीतरी अर्धवट ऐकून नाव टाकतो, पाच मिनिटांत चाळीस जण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात, आणि तो माणूस घरी चहा पीत ते वाचतो. म्हणून निधनाची बातमी ग्रुपवर एकाच ठरलेल्या माणसाने टाकायची, तीही घरच्यांशी स्वतः बोलल्यावर, पूर्ण नाव, गाव आणि शाखेसह. आजारपणाची बातमी मात्र टाकायचीच नाही. ज्याला विस्मरणाचा त्रास सुरू झालाय, त्याच्या बायकोला पन्नास जणांनी फोन करून विचारलेलं सोसत नाही. वहीत खूण करा, तो आला तर शेजारी कोण बसणार ते ठरवा आणि गप्प राहा.

हे फोन दोनदा करायचे. पहिली फेरी दीड-दोन महिने आधी, दुसरी आठ दिवस आधी. दुसऱ्या फेरीचा कंटाळा येतो. करा तरीही! या वयात दीड महिन्यात पुष्कळ घडतं. श्रद्धांजलीची यादी दुसऱ्या फेरीनंतरच छापायची, आधी नाही. दोघांनी ती मोठ्याने वाचून वहीशी ताडून पाहायची. मग चार दिवस आधी, घरच्यांची हरकत नसेल ती नावं सर्वांना कळवा. कुणाचा जोडीदार गेला तेही त्यातच. नाहीतर दारातच कुणीतरी हसत विचारतो, ‘वहिनी नाही आल्या?’ आणि त्या माणसाचा सगळा दिवस तिथेच संपतो.

मुंबईच्या मंडळींना स्पष्ट सांगा की सकाळी पंचवटी एक्सप्रेस उपयोगाची नाही, ती तेव्हा मुंबईकडे जाते. सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडायची, संध्याकाळी परत तपोवनच, म्हणून समारोप चारला. नाशिकरोड स्टेशन कॉलेज रोड-गंगापूर रोडपासून 10-12 किलोमीटर लांब आहे. तिथे दोन गाड्या आणि बॅचच्या नावाचा फलक धरलेला एक तरुण मुलगा उभा करा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे. एसटीत मात्र 65 ते 75 वयाला निम्मं तिकीट आणि 75 पूर्ण झालेल्यांना मोफत, वयाचा पुरावा खिशात हवा. पुणेकर संगमनेर-सिन्नरवरून रस्त्याने येतील. ते थकून पोचतात, त्यांची सोय आदल्या रात्रीच करा.

हॉल तळमजल्यावरचा. ‘लिफ्ट आहे’ म्हणाले तर ती जनरेटरवर चालते का ते विचारा. कमोड स्वतः जाऊन बघा. खुर्च्यांना हात हवेत, बिनहातांच्या खुर्चीतून गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. माइक कॉर्डलेस, आवाज मध्यम, मागे गाणी नकोत. कानात यंत्र असलेल्याला दोन आवाज एकदम आले की काहीच कळत नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव ठसठशीत मोठ्या अक्षरात, मुलींचं माहेरचं आडनाव आधी.

जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. इन्सुलिन घेतलेला माणूस भाषण संपायची वाट पाहू शकत नाही. नाश्त्याला मिसळ हवीच असा हट्ट होईल. ठेवा, पण रस्सा वेगळा, आणि बाजूला उपमा. बिनसाखरेच्या चहाचा थर्मास वेगळा, त्यावर चिठ्ठी. साखर तपासायचं यंत्र, ओआरएस, बॅचमधला एक डॉक्टर आणि रुग्णवाहिकेचा 108 नंबर हाताशी.

वर्गणी एकाच खात्यात. कुणी दिली नाही त्याची यादी ग्रुपवर टाकायची नाही. ज्याला जड जाईल त्याची दोघा-तिघांनी परस्पर भरावी, त्यालाही कळू न देता.

कार्यक्रम थोडा ठेवा. श्रद्धांजली सुरुवातीलाच, नावं सावकाश वाचून, मग ओळख, प्रत्येकी दोन मिनिटं, मग जेवण, मग मोकळ्या गप्पा. सत्कार नकोत. ग्रुप फोटो जेवणाआधी, नंतर कुणी जागेवर सापडत नाही.

नंतर: हिशेब आठवड्यात, फोटो घरच्यांनाही, न आलेल्यांना एक फोन. वहीत नव्या तारखा टाका, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून आणखी दोघांकडे ठेवा, आणि पुढची वही कुणाकडे ते त्याच दिवशी ठरवा.