लहान पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर निवडताना सोलापूरकरांनी टाळायच्या चुका

शस्त्र परवाना हातात पडेपर्यंत अर्जदाराची सगळी शक्ती कागदपत्रांत, पोलिस चौकशीत आणि हेलपाट्यांत खर्च होते. त्यानंतर कोणते शस्त्र घ्यायचे हा खरा निर्णय मात्र दुकानात अर्ध्या तासात उरकला जातो. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतून रात्री उशिरा रोकड घेऊन परतणारा यंत्रमागधारक, होटगी रस्त्यावरच्या बंगल्यात राहणारा व्यापारी आणि मोहोळकडच्या उसाच्या रानात वस्ती करून राहणारा बागायतदार या तिघांची गरज एकसारखी नसते, तरीही दुकानदाराला तिघेही एकच वाक्य सांगतात: "लहानातले लहान दाखवा." या लेखात सांगितलेल्या निम्म्याअधिक चुकांची सुरुवात या वाक्यापासून होते.

परदेशी सल्ल्यावर विसंबणे

इंटरनेटवर या विषयाची जी माहिती सर्वांत आधी समोर येते ती बहुतांशी अमेरिकेतील असते आणि तिचा सूर 9 मिमी पिस्तुलाभोवती फिरतो. आपल्याकडे शस्त्र नियम, 2016 नुसार सैन्य-पोलिसांची 9 मिमी किंवा पॉइंट 45 ची काडतुसे ज्यात बसतात ती पिस्तुले, तसेच पॉइंट 380 आणि पॉइंट 455 ची बुडाला कडा असलेली काडतुसे घेणारी रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडतात, आणि त्यांचा परवाना देणे जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याच्या हातात नसते. म्हणजे सामान्य परवानाधारकापुढे व्यवहारात पॉइंट 32, पॉइंट 25 आणि पॉइंट 22 हेच मुख्य पर्याय उरतात. त्यामुळे 9 मिमीच्या मॉडेलांची तुलना वाचण्यात महिने घालवून नंतर "इथे काहीच मिळत नाही" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

सोलापुरात आणखी एक गोंधळ नेहमी होतो. शहराला पोलिस आयुक्तालय असल्यामुळे आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्याचा परवाना पोलिस आयुक्तांकडून मिळतो, तर बार्शी, पंढरपूर, माढा, मोहोळ या ग्रामीण भागांतील रहिवाशांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. शहरालगतच्या नव्या वसाहतींत घर बांधलेल्यांनी आपला पत्ता कोणत्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत येतो हे अर्जाआधीच पाहून घ्यावे. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक आहे आणि ती स्वतःच्या नावावर झालेली आहे, त्यांच्यासाठी लहान शस्त्राची निवड ही शेवटची निवड ठरते.

"बत्तीस म्हणजे बत्तीस" असे समजणे

सर्वांत धोकादायक चूक काडतुसांची आहे आणि ती चांगले शिकलेले लोकही करतात. पॉइंट 32 या एकाच आकड्याखाली आपल्याकडे दोन वेगळी काडतुसे विकली जातात: पिस्तुलाचे पॉइंट 32 एसीपी आणि रिव्हॉल्व्हरचे पॉइंट 32 स्मिथ अँड वेसन लाँग. दोन्ही शेजारी उभी करून पाहिली की फरक लगेच दिसतो. पिस्तुलाचे काडतूस सुमारे 25 मिमी उंचीचे असून त्याचा बुडाचा कडा पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) भिंतीबाहेर जेमतेम डोकावतो. रिव्हॉल्व्हरचे काडतूस 32 मिमीच्या आसपास उंच असते आणि त्याचा कडा इतका बाहेर आलेला असतो की अंगठ्याचे नख त्यावर सहज अडकते, कारण सिलिंडरमध्ये (काडतुसे भरायच्या फिरत्या भागात) काडतूस त्या कड्यावरच टेकून राहते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील मालाच्या बुडावर इंग्रजी के आणि एफ ही अक्षरे दिसतात. ती दिसली म्हणून काडतूस आपल्या शस्त्राचे आहे असे मात्र ठरत नाही.

पिस्तुलाची काडतुसे काही रिव्हॉल्व्हरांच्या सिलिंडरमध्ये शिरतात, त्यामुळे "बसते ना, मग चालेल" असा सल्ला देणारा कोणीतरी हमखास भेटतो. काडतूस आत शिरले म्हणजे ते त्या शस्त्रासाठी बनवले आहे असे होत नाही. दोघांचा दाब वेगळा असतो आणि जुन्या रिव्हॉल्व्हरवर तो प्रयोग करणे म्हणजे स्वतःच्या बोटांशी खेळणे आहे. खरेदी करताना परवान्यावर, शस्त्राच्या नळीवर आणि काडतुसांच्या खोक्यावर एकच नाव आहे का, हे दुकानातच डोळ्यांनी पडताळावे.

हलके म्हणजे सोयीचे, हा गैरसमज

कानपूरच्या फील्ड गन कारखान्यात तयार होणारे निर्भीक हे रिव्हॉल्व्हर 2014 मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याच्या 500 ग्रॅम वजनाचे फार कौतुक झाले. 2023 मध्ये आलेल्या प्रबल या रिव्हॉल्व्हरचे वजन काडतुसांशिवाय 675 ग्रॅम आहे आणि त्याची नळी 76 मिमीची आहे. कागदावर पाहणाऱ्याला पहिले सरस वाटते. प्रत्यक्षात तेच काडतूस हलक्या शस्त्रातून सुटले की हाताला बसणारा झटका अधिक असतो, आणि दुसरी गोळी नेमावर आणायला जास्त वेळ लागतो. दिवसभर कमरेला बाळगणाऱ्याला 175 ग्रॅमची बचत मोलाची असेल. रात्री उशाजवळच्या तिजोरीत ठेवणाऱ्याला त्या बचतीचा काहीही उपयोग नाही, उलट तिची किंमत नेम धरताना मोजावी लागते. पॉइंट 22 चे निडर हे रिव्हॉल्व्हर तर अवघे 250 ग्रॅम वजनाचे आहे. ते खिशात मावते हे खरे, परंतु पॉइंट 22 चे काडतूस कडेवर आघात होऊन पेटणारे असल्याने ते न फुटण्याचे प्रमाण मध्यभागी आघात होणाऱ्या काडतुसापेक्षा अधिक असते. संरक्षणासाठी मी ते सुचवणार नाही.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतील निवड दिसण्यावरून होते, ती हातावरून व्हायला हवी. लहान पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढण्याची स्प्रिंग बहुधा कडक असते, कारण पॉइंट 32 ची बहुतेक साधी पिस्तुले निव्वळ स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या ताकदीवर चालतात. साठीच्या पुढे गेलेल्या, सांधे धरलेल्या किंवा बोटांत जोर नसलेल्या माणसाला ती स्लाइड पूर्ण मागे खेचता येत नाही, आणि अर्धवट खेचली की काडतूस अडकते. रिव्हॉल्व्हरमध्ये ही कटकट नाही, पण घोडा न चढवता चाप ओढायचा तर बोटाला बराच जोर लावावा लागतो. दुकानात शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, नळी सुरक्षित दिशेला धरावी आणि दुकानदाराच्या परवानगीने चाप सलग काही वेळा ओढून पाहावा. शेवटच्या वेळी नळीचे टोक डगमगू लागले तर ते शस्त्र आपल्या हाताचे नाही. मूठ तळव्यात भरते का आणि करंगळी हवेत लटकते का, हेही तेव्हाच कळते.

जुने शस्त्र घेणाऱ्याने मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची खिट्टी आणि बिजागरी हलवून पाहावी. नळी व मूठ यांच्या सांध्यात खडखड जाणवली तर पॉलिश कितीही चकचकीत असले तरी ते परत करावे.

कमरेला खोचणे

शस्त्र नियम, 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी लहान शस्त्र नेताना ते अंगावरील होल्स्टरमध्ये किंवा योग्य पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असले पाहिजे. शस्त्र दिसू न देणे ही आपल्याकडे कायद्याचीच अपेक्षा आहे. तरीही लग्नाच्या मांडवात सफारीचा पदर मागे सारून मूठ दाखवणारे महाभाग आढळतात. हवेत बार काढण्याविषयी तर बोलायलाच नको: निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद 2019 पासून आहे. "चालते का ते बघू" म्हणून रानात दोन बार काढणे हाही तसाच वेडेपणा आहे. तपासणी आणि सराव रायफल क्लबच्या रेंजवरच करावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि माणसे पातळ सुती सदऱ्यावर येतात. त्या सदऱ्याखाली जे शस्त्र हिवाळ्यातल्या जाकिटाआड दिसत नव्हते ते उठून दिसते, म्हणून होल्स्टर निवडताना एप्रिल-मे महिन्यातील कपडे घालून दुकानात जावे. चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर हवे, कारण दुचाकीवर बसताना पट्टा आणि मांडी यांमध्ये शस्त्र दाबले जाते, आणि नुसते कमरेला खोचलेले पिस्तूल किल्लीच्या जुडग्यात किंवा सदऱ्याच्या टोकात अडकून सुटल्याच्या घटना घडतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र कायमचे ठेवून देणे ही आणखी एक लपलेली चूक आहे. कमावलेल्या चामड्यातील क्षार आणि त्यात मुरलेला घाम यांमुळे महिनाभरात नळीवर तांबूस ठिपके उमटतात. घरी आल्यावर शस्त्र बाहेर काढावे, कोरड्या कापडाने पुसावे आणि बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. घरातले खोबरेल तेल वापरू नये. डिसेंबरच्या थंडीत ते गोठते आणि नंतर धुळीसह चिकट थर होऊन बसते.

सोलापूरकराला खास सांगायची गोष्ट सीमेची आहे. अक्कलकोटला स्वामींचे दर्शन घेऊन पुढे गाणगापूरला जाणारी गाडी मध्येच कर्नाटकात शिरते, आणि विजापूर तर रोजच्या व्यापाराचे गाव आहे. परवान्यावर क्षेत्र म्हणून फक्त महाराष्ट्र लिहिलेले असेल तर सीमा ओलांडताच आपण परवाना नसलेले शस्त्र बाळगणारे ठरतो. ज्याचे येणे-जाणे त्या बाजूला आहे त्याने क्षेत्रवाढीचा अर्ज करावा किंवा त्या दिवशी शस्त्र घरी कुलूपबंद ठेवावे.

घरासाठी घेताना घर न पाहणे

सिमेंट-विटांच्या बंगल्यात आणि विडी कामगारांच्या किंवा मागवाल्यांच्या पत्र्याच्या घरांत एकाच गोळीचे परिणाम सारखे नसतात. पॉइंट 32 ला सगळे "हलके बोअर" म्हणतात, पण पत्रा, प्लायवूडची भिंत किंवा दार भेदून पलीकडच्या खोलीत जाण्याइतकी ताकद तिच्यात नक्की असते. त्यामुळे घरात कोण कुठे झोपते, दाराकडे नळी धरली तर मागे काय येते, याचा विचार शस्त्र घेण्याआधीच केला पाहिजे. अंधारात ओळख न पटवता झाडलेली गोळी रात्री पाणी प्यायला उठलेल्या पोराला लागू शकते. दारावरचा दिवा, भक्कम ग्रिल, भुंकणारे कुत्रे आणि हाताशी टॉर्च यांवर आधी खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी कलम 41 मध्ये गंभीर प्रसंगांत धरलेली आहे. पण हा हक्क आवश्यक तेवढ्याच बळापुरता असतो. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला तो वाचवत नाही. परवाना एका व्यक्तीच्या नावावर असतो, हेही घरातल्यांना समजावून सांगावे. शस्त्र कुलूपबंद लोखंडी कपाटात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, चावी देव्हाऱ्यात किंवा गादीखाली ठेवू नये. मुलांना ती जागा आपल्याआधी माहीत असते.

बिघाड झाल्यावर काय करू नये

चाप ओढला, टक् असा आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर पहिली प्रतिक्रिया नळीत डोकावण्याची असते. ती जिवावर बेतू शकते, कारण काही काडतुसे उशिरा पेटतात. रेंजवर असे झाल्यास नळी निशाण्याकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबावे आणि मगच काडतूस काढावे. काढलेल्या काडतुसाच्या बुडावरची खूण पाहावी: ती उथळ असेल तर फायरिंग पिनजवळ (काडतुसावर आघात करणाऱ्या सुईजवळ) साचलेले घट्ट तेल किंवा थकलेली स्प्रिंग हे कारण असते, खोल असूनही फुटले नसेल तर काडतूस खराब आहे. काडतुसांना गंजू नये म्हणून तेल लावण्याची पद्धत बंद करावी. ते तेल झिरपून आतली दारू निकामी करते. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फिरताना अडत असेल तर पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली जळक्या दारूचा कण अडकला आहे का, ते ब्रशने साफ करून पाहावे. पिस्तुलात वारंवार पुंगळी अडकत असेल तर मनगट सैल पडते का हे आधी तपासावे आणि मग मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदलून पाहावे. कानस घेऊन घरी भाग घासणाऱ्यांची शस्त्रे पुढे परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेही सरळ होत नाहीत.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर शस्त्र रिकामे करून, पुसून, तेलाचा हलका हात देऊन जमा करावे आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. परत घेताना तो क्रमांक पोलिस ठाण्यातच जुळवावा आणि नळीत गंज आला आहे का ते तिथल्या उजेडात पाहून मगच सही करावी.