जुना स्कझी स्कॅनर लिनक्सवर लावायचाय? आधी हे बघून ठेवा

कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तशी मराठवाड्यात माळ्यावरची गाठोडी खाली आली. मोडीतल्या खातेवह्या, निजामकाळातले उर्दू कागद, खासरा पत्रकाच्या नकला. यातलं बरंच ए-फोरच्या काचेवर मावत नाही. ए-थ्रीचा नवा स्कॅनर परवडत नाही, आणि जुना एखाद्या बंद पडलेल्या छापखान्यात धूळ खात पडलेला असतो. त्याला यूएसबी नसतं, स्कझी (SCSI) हे त्याआधीच्या काळातलं जोडणीचं पोर्ट असतं, एवढंच.

उचलून आणण्याआधी सेनच्या (SANE, लिनक्सवर स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) यादीत मॉडेल बघा. ‘अनसपोर्टेड’ असेल तर फुकटातही घेऊ नका. जुने एप्सन, एचपी, युमॅक्स, मायक्रोटेक यांतले बरेच चालतात. कॉम्प्युटरमध्ये बसवायचं स्कझी कार्ड मात्र स्कॅनरसोबत आलेलं स्वस्तातलं वापरू नका. अडॅप्टेक २९४० किंवा सिम्बायोस चिपचं शोधा, दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहेत. ही पीसीआय कार्डं असल्यामुळे तो स्लॉट असलेला जुना कॉम्प्युटरही लागेल.

केबल घ्यायला जाताना दोन्हीकडच्या सॉकेटचा मोबाइलवर फोटो काढून न्या. २५ पिनांचं, ५० पिनांचं रुंद, ५० पिनांचं बारीक असे प्रकार आहेत. त्यातलं २५ पिनांचं हुबेहूब जुन्या प्रिंटर पोर्टसारखं दिसतं. चुकून त्यात खुपसलं तर काहीतरी जळू शकतं. केबल जितकी आखूड तितकी बरी.

खरा घोळ टर्मिनेटरचा. स्कझीच्या साखळीची दोन्ही टोकं बंद हवीत, नाहीतर सिग्नल टोकाला आपटून माघारी येतो. एक टोक कार्डाचं, ते बहुधा स्वतःच बंद होतं. दुसरं टोक स्कॅनरचं: मागे दोन पोर्ट असतील तर एकात केबल आणि दुसऱ्यात टर्मिनेटरचं बूच, काहींना त्यासाठी बटणच असतं. माझ्याकडे पान अर्ध्यावर येऊन दिवा थांबायचा. तीन संध्याकाळी घालवल्या, लिनक्स दोनदा नव्याने टाकलं. बूच केबलच्याच पिशवीत तळाशी होतं.

स्कॅनरच्या मागचा आयडी, म्हणजे साखळीतला त्याचा क्रमांक, ४ किंवा ५ वर ठेवा. ७ कार्डाचा असतो, ० वर बऱ्याचदा हार्डडिस्क. वाहतुकीसाठी लावलेलं कुलूप काढलं का तेही बघा; ते तसंच ठेवून चालू केलं तर आतला गाडा नुसता करकरतो.

लाइटचा भरवसा आपल्याकडे कुणी द्यावा? दोन्ही यंत्रं इन्व्हर्टरवर घ्या. आधी स्कॅनर चालू करा, तो शांत झाला की कॉम्प्युटर. स्कॅनर मागाहून चालू केला तर लिनक्सला स्कझीची साखळी पुन्हा तपासायला सांगता येतं, पण चालू यंत्राची केबल काढू-घालू नका.

मग कीबोर्ड. ‘एसजी’ मॉड्यूल (स्कझी यंत्रांशी बोलणारा कर्नलचा भाग) चढलंय का बघा. स्कॅनर ‘एसजी०’सारख्या नावाने दिसतो. एचपीचे काही जुने स्कॅनर ‘स्कॅनर’ऐवजी ‘प्रोसेसर’ म्हणून येतात, दचकू नका. ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ फक्त यंत्र सापडलं एवढंच सांगतं. सेनच्या बॅकएंडने (त्या स्कॅनरच्या ड्रायव्हरने) ओळखलं की नाही ते ‘स्कॅनइमेज’ला कॅपिटल एल (-L) देऊन कळतं. तिथे नाव येत नसेल तर सेनच्या डीएलएल.कॉन्फ (dll.conf) या फाइलमध्ये तुमच्या कंपनीच्या ओळीपुढची # ही खूण काढा. रूटला (मुख्य प्रशासक खात्याला) दिसतो आणि तुम्हाला नाही, म्हणजे परवानगीचा प्रश्न: त्या ‘एसजी’ फाइलचा गट ‘स्कॅनर’ करा आणि स्वतःला त्या गटात घाला. लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही सिस्टिम असेल तर ‘कॅमकंट्रोल’ने यादी काढायची आणि परवानगी ‘पास’ व ‘एक्सपीटी०’ या दोन्ही फाइलींना द्यायची.

पहिल्या चाचणीला खातेवही काढू नका, घडीवरच तुकडा पडतो. एखादी जुनी लग्नपत्रिका ठेवा, राखाडी रंगात, ७५ डीपीआयला. ती वरपासून खालपर्यंत सलग आली की मग गाठोडं सोडा.