भवानी मंडप ते पंचगंगा घाट, पायी

दुपारी साडेचारच्या सुमारास कोल्हापूरच्या भवानी मंडपातून निघा. कुस्तीचं खासबाग मैदान बघायचं असेल तर ते आधी उरका, पुढे ते वाटेवर नाही.

अंबाबाईच्या दर्शनाआधी एक काम: चपला पूर्व दरवाजात काढू नका. बाहेरून वळसा घालून महाद्वाराकडे, म्हणजे पश्चिम दरवाजाकडे ठेवा आणि तिथूनच आत-बाहेर करा. नाहीतर चपलांसाठी अनवाणी उलटं यावं लागतं. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे, म्हणून नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर किरणोत्सवाला मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यात शिरतं. मध्ये एखादी इमारत आडवी आली की किरणं अडतात. त्या दिवसांत गर्दी धरूनच चला.

महाद्वार रोडनं पापाची तिकटी हा चौक गाठा. कोल्हापुरी घेणार असाल तर उलटी करून तळ बघा: शिवण चामड्याच्या वादीची हवी, खिळा दिसला की ठेवून द्या. नवी चप्पल चावते. पट्ट्याला आतून तेल चोळा, आणि त्याच दिवशी घालून फिरू नका. पाणी तर लागूच देऊ नका, तळ फुगतो.

गंगावेशीत संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. पोट रिकामं ठेवूनच या. पुढे घाट. पावसाळ्यात नदी चढली असेल तर सरळ रंकाळा तलावाकडे वळा.