बुटांसाठी काइटबोर्ड निवडताना

पतंगाच्या ओढीने पाण्यावर चालणाऱ्या काइटबोर्डवर पाय अडकवायच्या पट्ट्यांऐवजी बूट बसवल्यापासून माझा हलका फ्रीराइड (साध्या, आरामशीर फेरफटक्यासाठीचा) बोर्ड उडीनंतर पाण्यावर उतरताना पायाखाली पिळल्यासारखा होई आणि मागची कड एकाएकी सुटे. पट्ट्यांत टाच थोडी तरी उचलली जाते. बुटात घोटा जखडलेला असल्यामुळे पायाचा सगळा जोर एम६ (६ मिमी जाडीच्या) स्क्रूंच्या इन्सर्टवर, म्हणजे स्क्रू बसण्यासाठी बोर्डमध्ये पक्क्या केलेल्या आट्यांच्या खोबणींवर, आणि तिथून बोर्डच्या गाभ्यावर येतो, जो पातळ, लवचीक बोर्ड पेलत नाही. क्वचित इन्सर्टच उपटून निघतात.

म्हणून नवा बोर्ड घेताना उत्पादकाने तो बुटांसाठी चालतो असे स्पष्ट लिहिले आहे का, हे आधी पाहिले. मग मधला भाग ताठ, रॉकर (टोकांकडे वर वळणारा बाक) जास्त आणि तळाला खोल खाचा असलेला वेकस्टाइल (जोरकस उड्या व कसरतींसाठीचा) बोर्ड निवडला. रॉकरमुळे उडीला उसळी मिळते आणि उतरताना गुडघ्यांना बसणारा हिसका कमी होतो, पण तोच बोर्ड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चढताना पाणी ढकलत राहतो. गोव्यातल्या मोरजीला दुपारचा वारा बऱ्याचदा बेताचाच असतो आणि बुटांचे वजनही अंगावर असते, त्यामुळे लांबी जुन्या बोर्डपेक्षा थोडी वाढवून घेतली. तुफान वाऱ्याच्या ठिकाणी याची गरज पडली नसती.

स्क्रूची लांबी मात्र जरूर तपासावी. तो आखूड असेल तर आटे धरत नाहीत आणि लांब असेल तर तळाला फुगवटा येतो. मी स्क्रू हातानेच आवळतो आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा आवळून घेतो.