बॉल पायथनची ‘हेट’ची हमी फोल ठरली? भांडायच्या आधी या चुका टाळा

बॉल पायथन हा पाळला जाणारा परदेशी अजगर. ‘क्लाउन’ हा त्याच्या रंग-नक्षीचा एक प्रकार (मॉर्फ), आणि ‘हेट’ म्हणजे त्याचं जनुक आत लपलेला, दिसायला साधा साप. ‘शंभर टक्के हेट क्लाउन’ म्हणून मादी घेतली, तीन वर्षं वाढवली, अंडी फुटली आणि पिल्लं सगळी साधी. मग विकणाऱ्याला फोन. तो म्हणतो, “नर कुठला लावलात? आमच्याकडे तर बरोबर निघतात.” इथून पुढे जे होतं ते बहुतेकदा आरडाओरडाच असतो. ज्या गोष्टींवर निकाल लागू शकतो, त्या खरेदीच्या दिवशी कोणी लिहूनच घेतलेल्या नसतात.

बेकायदा मालावर हमी मागणं

हे थोडक्यात. मांडूळ, अजगर, धामण, नाग हे आपल्याकडचे साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांचा व्यवहारच गुन्हा, त्यामुळे हमीचा प्रश्न येत नाही. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. हस्तांतरण आणि पिल्लांचा जन्मही कळवावा लागतो. लोक याला कटकट समजतात, पण आई-बापाच्या आणि जन्माच्या नोंदी हाच वंशावळीचा सर्वांत भक्कम कागद आहे. नाशिकच्या द्वारका सर्कलला गाडी थांबवून, रोख देऊन हातात घेतलेल्या डब्याला हा आधार नसतो.

हिशोब न करता ‘फसवलं’ म्हणणं

क्लाउन, पायबाल्ड, अल्बिनो ही अप्रभावी जनुकं, म्हणजे रंग दिसायला दोन प्रती लागतात. एकच प्रत असलेला साप दिसायला साधाच, म्हणजे हेट. हेटला हेट लावला तर प्रत्येक पिल्लू रंगीत निघण्याची शक्यता चारात एक. बॉल पायथन साधारण सहा अंडी घालते, आणि दोघंही खरे हेट असूनही सहाच्या सहा साधी निघण्याची शक्यता जवळपास १८ टक्के आहे. म्हणजे अशा जोड्यांपैकी सुमारे प्रत्येक सहावी जोडी ‘फसवणूक’ वाटेल असा निकाल देते! असं सोळा पिल्लांपर्यंत चाललं, तर शक्यता एक टक्क्यावर उतरते.

म्हणून तपासणी हेट-हेट जोडीवर करू नका. संशयित सापाला त्याच मॉर्फचा रंगीत जोडीदार लावा. मग प्रत्येक पिल्लू रंगीत निघण्याची शक्यता दोनात एक होते, आणि खऱ्या हेटकडून सात साधी पिल्लं लागोपाठ निघण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी उरते. निकामी, पिवळी पडलेली अंडी मोजायची नाहीत. पूर्ण वाढून अंड्यात मेलेली पिल्लं मात्र उघडून बघा, फोटो काढा, त्यांना मोजा.

‘६६ टक्के हेट’ हा प्रकार तर वेगळाच. त्यात त्या सापाची हमी नसतेच. आई-बाप दोघं हेट होते, म्हणून साध्या दिसणाऱ्या तीन पिल्लांपैकी दोन हेट असावीत, एवढाच अर्थ. असा साप साधा निघाला तर तक्रार होत नाही, फक्त आई-बापाबद्दल खोटं सांगितलं असेल तरच होते. पोटावरच्या काळ्या रेघा बघून ‘हेट पाय’ (पायबाल्डचा हेट) ठरवणारेही आहेत. खुणा असतात, पण पुरावा म्हणून त्या टिकत नाहीत.

न जुळणारी जोडी

अल्बिनोला लॅव्हेंडर अल्बिनो लावला आणि पिल्लं सगळी साधी निघाली, तर दोन्ही विक्रेते निर्दोष असू शकतात. ही वेगवेगळी जनुकं आहेत, पिल्लं दोन्हींची हेट होतात. अ‍ॅक्झँथिकच्या व्हीपीआय आणि टीएसके या लाइनींचंही (वेगवेगळ्या प्रजनकांच्या वंशांचंही) तेच. पावतीवर नुसतं ‘हेट अ‍ॅक्झँथिक’ असेल तर वाद तिथेच हरलात. बनाना या मॉर्फबाबत उलटी गंमत होते: नराला बनाना बापाकडून आलेला असेल तर त्याची बनाना पिल्लं बहुतेक नर निघतात, आईकडून आला असेल तर बहुतेक माद्या. ‘मादी बनाना देतो’ असं सांगून विकलेल्या नराचा बाप कोणता, हे आधी विचारा.

बाप नक्की कोण?

मादी आधीच्या हंगामातलं वीर्य साठवून ठेवू शकते. तिला पूर्वी दुसरा नर लावला असेल तर विक्रेत्याला हीच पळवाट मिळते आणि ती खोटीही नसते. म्हणून चाचणीसाठी कधीच न लावलेला प्राणी घ्या, प्रत्येक जुळणीची तारीख आणि नर लिहा, फोटो ठेवा. नर साधारण ७०० ग्रॅमला, वर्षभरात लावता येतो. मादीला १५०० ग्रॅम आणि तीनेक वर्षं लागतात. हमी लवकर पडताळायची असेल तर नर घेणं सोयीचं.

अंडी ३१ ते ३२ अंशांवर ५५ ते ६० दिवस ठेवावी लागतात. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात पेटी तापली तर पिल्लांचे पट्टे विस्कटतात. त्याला नवा मॉर्फ म्हणून मिरवू नका आणि त्यावरून हमीवर बोटही ठेवू नका.

कातीवरून जनुक तपासणाऱ्या प्रयोगशाळा परदेशात आहेत, पण कातही साइट्सच्या कक्षेत येते. पाकिटात घालून टाकायची वस्तू नव्हे ती.

तक्रारीची मुदत हातची घालवणं

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पण मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ते कारण विक्रीच्या दिवशी घडलं की पिल्लं फुटली तेव्हा, यावरच समोरचा वकील पहिला घाव घालेल. शिवाय विक्रीसाठी प्रजनन करणारा ‘व्यावसायिक हेतू’त मोडू शकतो, आणि मग तो कायद्याने ग्राहकच ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार असेल तरच त्यातून सुटका.

त्यामुळे पावतीवर एवढं लिहून घ्याच: “नोंदणी क्रमांक अमुक, नर, १०० टक्के हेट क्लाउन, आई-बापाचे नोंदणी क्रमांक अमुक. रंगीत क्लाउन मादीसोबत सात किंवा अधिक जिवंत वा पूर्ण वाढलेली पिल्लं सगळी साधी निघाल्यास, निकालापासून ३० दिवसांत हेटसाठी घेतलेली जादा रक्कम परत. हमीची मुदत चार वर्षं.” जादा रक्कम किती, हा आकडा वेगळा लिहा. नाहीतर विक्रेता साध्या सापाची किंमत मनाला येईल ती सांगतो.

निकाल लागल्यावर आधी फोटो आणि जुळणीची नोंद जोडून लेखी कळवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, मग नोटीस. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून द्यायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन फॉरमॅट करू नका.