आयपीसमधला काळा ठिपका कृष्णविवर नसतो: हौशी आकाशनिरीक्षकांनो, या चुका टाळा

तेजस्वी वर्तुळ आणि मधोमध काळा ठिपका. परावर्तक (आरशाने प्रकाश गोळा करणारी) दुर्बीण नवी असताना, आयपीसला म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला डोळा लावून हा ‘शोध’ बरेच जण लावतात. प्रत्यक्षात तो फोकस सुटलेला तारा असतो, आणि मधला काळा भाग म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवलेल्या दुय्यम आरशाची सावली. फोकसरचं चाक सावकाश फिरवा. वर्तुळ आक्रसत आक्रसत बिंदू व्हायला हवं. फुगत गेलं तर उलट फिरवा.

पण फोकस करण्याआधी ते वर्तुळ नीट बघून घ्या, कारण ती फुकटची तपासणी आहे. तारा दृश्याच्या बरोबर मध्यावर आणा. ठिपका ठळकपणे एका बाजूला सरकलेला असेल तर आरसे एका रेषेत नाहीत. मुख्य आरशामागचे स्क्रू एकेक करून, पाव फेऱ्याहून कमी फिरवायचे. प्रत्येक वेळी तारा पुन्हा मध्यावर आणून बघायचं. दोन स्क्रू एकदम फिरवले की कशाने काय झालं ते कळत नाही. वर्तुळ उकळत्या पाण्यासारखं थरथरत असेल, तर बहुतेक आरसा अजून गरम आहे. २०० मिमीचा आरसा घरातून बाहेर आणल्यावर निवायला अर्धा ते एक तास लागतो. तोवर स्क्रूला हात लावू नका.

दुसरी चूक अपेक्षेची. २०१९ साली प्रसिद्ध झालेलं एम८७ दीर्घिकेच्या कृष्णविवराचं चित्र पृथ्वीभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून मिळालं. त्यातल्या कड्याचा आकार सुमारे ४२ मायक्रो-आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, मायक्रो म्हणजे त्याचाही दहा लाखावा). २०० मिमीची दुर्बीण फार तर अर्ध्या आर्कसेकंदाच्या आसपासचा तपशील दाखवते, म्हणजे कमतरता दहा हजार पटींहून जास्त. महागडा आयपीस घेऊन ती भरून निघत नाही. आपल्याला दिसू शकतो तो कृष्णविवराचा सोबती, म्हणजे त्याच्याभोवती फिरणारा तारा किंवा त्याला पोटात घेतलेली दीर्घिका.

त्यासाठी सर्वांत सोपं लक्ष्य म्हणजे हंस तारकासमूहातलं सिग्नस एक्स-१. कृष्णविवराभोवती ५.६ दिवसांत फेरी मारणारा त्याचा जोडीदार तारा ८.९ प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद). काळोख्या आकाशात ५० मिमीच्या द्विनेत्रीतूनही सापडतो. हंसाच्या मानेवर, साधारण मध्यावर, ३.९ प्रतीचा इटा सिग्नी शोधा. त्याच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, अर्ध्या अंशाहूनही कमी अंतरावर आपला तारा आहे. १२०० मिमी नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला की ४८ पट वर्धन आणि जवळपास एक अंशाचं दृश्य मिळतं, त्यामुळे दोन्ही तारे एकत्र मावतात.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. सुरुवातीलाच ४ मिमीचा आयपीस लावला जातो आणि दृश्य इतकं चिमुकलं होतं की शेजारी कोण, तेच कळत नाही. दिशाही उलटी धरली जाते, कारण परावर्तकातलं चित्र उलटं असतं. नकाशा फिरवत बसण्यापेक्षा दुर्बीण स्थिर ठेवा, मोटर असेल तर बंद करा आणि तारे कुठल्या कडेने बाहेर जातात ते बघा. ती पश्चिम, पूर्व तिच्या समोर. तिसरी चूक पुस्तकी: ‘निळा महाराक्षसी तारा’ असं वाचून निळा ठिपका शोधणं. वाटेतल्या धुळीमुळे त्याचा निळेपणा आपल्यापर्यंत पोचतच नाही. रंगावर जाऊ नका, जागेवर जा.

एम८७ वसंतातलं लक्ष्य. उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला व्हिंडेमिॲट्रिक्स यांच्या जवळपास मध्यावर दुर्बीण रोखली की बऱ्याचदा शेजारी शेजारी दोन धूसर ठिपके सापडतात आणि त्यातला एक एम८७ समजून नोंद केली जाते. त्या एम८४ आणि एम८६ या वेगळ्या दीर्घिका. तिथून आग्नेयेला सव्वा अंश सरका. दिसेल तो गोल, मध्याकडे उजळत जाणारा कापसाचा बोळा म्हणजे एम८७. सरळ रोखून बघितलं तर तो विरतो. नजर थोडी बाजूला ठेवा, कारण अंधारात डोळ्याची कड मध्यभागापेक्षा जास्त संवेदनशील असते. चंद्र असताना या वाटेला जाऊच नका. फोटो काढणाऱ्यांची तक्रार असते की केंद्रातून निघणारा पदार्थाचा झोत येत नाही. लांब एक्स्पोजरने केंद्र पांढरंफटक होतं आणि जेमतेम २० आर्कसेकंदांचा झोत त्यातच बुडतो. मोठं नाभीय अंतर वापरा आणि छोटी एक्स्पोजर घेऊन ती एकावर एक रचा.

आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर धनू राशीत आहे खरं, पण मधल्या धुळीमुळे दृश्य प्रकाशात तिथलं काहीच पोचत नाही. त्या दिशेला मोठी दुर्बीण रोखून निराश होण्यापेक्षा द्विनेत्रीने तिथले तारकागुच्छ बघा.

आणि हे सगळं जमूनही काही दिसत नसेल, तर मोबाइल तपासा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. ॲप बघायला पांढरा स्क्रीन एकदा उघडला की घड्याळ पुन्हा शून्यावर. लाल मोडही प्रकाश अगदी कमी केल्यावरच कामाचा. शिवाय दुर्बिणीच्या धातूजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं, त्यामुळे ॲपने दाखवलेली दिशा ओळखीच्या ताऱ्यावर पडताळून घ्या.