चार दिवसांसाठी आलेल्या मुलाकडं जाताना

रेल्वे स्थानकावर एकटं सापडलेलं, बालविवाह थांबवून आणलेलं किंवा 1098 या बाल हेल्पलाइनवर आलेल्या फोनमुळं सुटलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं हजर करावं लागतं. समितीचा पुढचा आदेश होईपर्यंत ते बालगृहात किंवा निवारागृहात राहतं. कुणी दोन दिवस, कुणी दोन महिने. किती दिवस, हे मुलाला ठाऊक नसतं आणि बऱ्याचदा तिथल्या ताईंनाही नसतं. म्हणून तिथं स्वयंसेवक म्हणून जाताना आपलं काम एकाच हिशेबानं आखायचं: जे न्याल ते आजच मुलाच्या हातात पडावं, जे सुरू कराल ते आजच संपावं.

आधी परवानगी. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोलिस पडताळणी लागेल असं धरून चला. ओळखीनं आत शिरू नका. मोबाइल फाटकापाशी जमा करा. चेहरा झाकून काढलेला फोटोसुद्धा चालत नाही, कारण गणवेश, भिंतीवरची पाटी, खिडकीमागचं देऊळ यांवरून मूल ओळखू येतं. मुलाची ओळख उघड केली तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे पहिल्या रात्रीची पिशवी. मूल बहुधा अंगावरच्या कपड्यांनिशी येतं. जाड सुती कापडाची, साधारण 12 बाय 16 इंचांची पिशवी शिवा आणि तिला नाडीऐवजी दोन मोठी बटणं लावा. नाडी गळ्याला आवळली जाऊ शकते, म्हणून पायजमाही इलॅस्टिकचाच घ्या. आत घाला: अंतर्वस्त्रांचे दोन नवे जोड (वापरलेले कधीच नाहीत), टी-शर्ट, पायजमा, पंचा, ब्रश, लहान पेस्ट, डबीसह साबण, कंगवा, 100 पानी वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि 12 मेणखडू. कंगवा ज्याचा त्यालाच हवा. एका कंगव्यानं खोलीभर उवा होतात. शार्पनर देऊ नका, त्याचं पातं निघतं. दहा वर्षांपुढच्या मुलींच्या पिशवीत पॅडचं पाकीट ठेवा. 5–8, 9–12 आणि 13–17 अशा तीन वयोगटांच्या चार-चार पिशव्या अधीक्षकांकडं तयार असल्या की रात्री अकराला आलेल्या पोरालाही स्वतःचं म्हणून काही मिळतं. पिशवीवर संस्थेचं किंवा देणगीदाराचं नाव छापू नका. आत एक कोरी पट्टी शिवा, नाव मूलच लिहील.

भेटीसाठी आठ-दहा मुलांमागं दोघं पुरे. वार आणि वेळ ठरलेली, दीड तासापेक्षा जास्त नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं चार वाजता पत्र्याखाली बसवत नाही; सकाळी साडेसातला किंवा ऊन उतरल्यावर जा. पहिली दहा मिनिटं काहीच घ्यायचं नाही. सतरंजी पसरा आणि स्वतः खेळ मांडून बसा. ज्याला यायचं तो येतो. कोपऱ्यात बसलेल्याला हाताला धरून आणू नका.

खेळ चल्लस-आठसारखा हवा. पाच बाय पाच घरांचा पट खडूनं फरशीवर आखा, चारही कडांच्या मधल्या आणि अगदी मधल्या घरात फुली मारा. फाशांसाठी चार चिंचोके घ्या. तयार फासे नेऊ नका, चिंचोके मुलांनाच घासू द्या. खरखरीत फरशीवर एका बाजूनं घासत राहायचं, तपकिरी साल जाऊन पांढरा गर दिसला की झालं. एकेकाला पाच-सात मिनिटं लागतात. मान खाली, हात चालू, कुणी कुणाकडं बघायची गरज नाही. नव्या मुलाला इतकी सोय दुसऱ्या कशात मिळत नाही. जितके पांढरे वर तितकं दान, चारही पांढरे आले तर चार, चारही तपकिरी तर आठ, आणि चार-आठला पुन्हा खेळायचं. चार-चार सोंगट्या घेतल्या तर डाव तासावर जातो आणि अर्धा राहतो, म्हणून दोनच द्या. पाच वर्षांखालच्यांपासून चिंचोके लांब ठेवा, ते नाकात किंवा घशात जातात. भाषा आडवी आली तरी हा खेळ चालतो. मुलांत गोरमाटी (बंजारा बोली), दखनी (इकडची उर्दू), नांदेडकडं तेलुगू, उमरग्याकडं कन्नड बोलणारीही असतात.

“गाव कुठलं? आई-बाबा काय करतात? इथं कशी आलीस?” हे प्रश्न विचारायचेच नाहीत. पोलीस, समिती, डॉक्टर या सगळ्यांना सांगून ते मूल थकलेलं असतं. मात्र आपणहून कुणी अत्याचाराचं सांगू लागलं तर ऐकून घ्या, मध्ये खोदून विचारू नका, आणि “कुणाला सांगणार नाही” असा शब्द देऊ नका. “तू सांगितलंस ते बरं झालं. मी मॅडमना सांगणार आहे,” एवढं म्हणा. बाहेर आल्यावर मुलाच्याच शब्दांत लिहून त्याच दिवशी अधीक्षकांना द्या. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांपर्यंत पोचवणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे.

लग्न मोडून आणलेल्या मुलींचा वेगळा विचार करा. बीड-जालन्याकडं ऊसतोडीला जाताना पोरगी मागं एकटी कशी ठेवायची, या धास्तीनं लग्नं उरकली जातात. अशा मुलीच्या हातावर अजून मेंदी असते. तिच्यापुढं मेंदीचे कोन नेऊ नका आणि चिऊ-काऊची चित्रंही रंगवायला देऊ नका. शाळा सुटलेली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावीला बसता येतं, हे तिला नीट समजावून सांगा. ती यावर तासभर बोलते.

आपल्या मुलाच्या वाढदिवसाचा केक तिथं नेऊन कापू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याचे आई-बाप टाळ्या वाजवताना ते मूल बघत बसतं. 15 ऑगस्ट आणि दिवाळीला तसंही खाऊ उतू जातो. भाऊबीज सरली की पुढच्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. तेव्हा जा. खाण्याचं न्यायचं तर अधीक्षकांना विचारून चुरमुऱ्यांची ताजी सुशीला न्या, मुलं आवडीनं खातात.

मूल पुढच्या वेळी दिसेलच असं नाही. “पुढच्या रविवारी तुला रंगपेटी आणते” म्हणू नका, स्वतःचा नंबर देऊ नका. निघताना ज्यानं जे केलं ते त्याच्याच पिशवीत जाऊ द्या: चित्र, वही, घासलेले चार चिंचोके. पट मात्र पुसू नका. रात्री जेवणानंतर त्यावर दुसरा डाव पडतो.